नदीतले किडे काय सांगतात?

शेतकरी बंधूंनो, किडा म्हटला की आपला हात आधी फवाऱ्याकडे जातो. पण नदीतले किडे साक्षीदार असतात. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या दोघांनी १९०८-०९ सालीच पाण्यातल्या जीवांवरून घाण ओळखण्याची रीत बसवली. बाटलीतला नमुना त्या घटकेपुरता. किडा मात्र रात्रंदिवस पाण्यात. रात्री गुपचूप सोडलेले रसायन त्याला चुकत नाही!

आपली वालधुनीच घ्या. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून ती कल्याणला येते. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, पुढे अंबरनाथ-डोंबिवलीला कारखाने वाढले. २०१४ साली या नदीत ओतलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरची कितीतरी माणसे दवाखान्यात गेली.

म्हणून भाजीला पाणी उचलण्याआधी वाहत्या पाण्यातला दगड उलटून बघा. शेपटीला दोन-तीन केस असलेले चपटे किडे दिसले, तर प्राणवायू भरपूर. गाळात नुसत्या तांबड्या अळ्या वळवळत असतील, तर तो संपत आलाय. त्यांच्या रक्तात आपल्यासारखेच तांबडे द्रव्य असते, म्हणून त्या तगतात. त्याही नसल्या, तर विषाचा संशय धरा. मात्र पुरानंतर लगेच बघू नका, किडे वाहून गेलेले असतात. पारा, शिसे किड्यांवरून नेमके कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्या. आणि हो, फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका.