सुरू न होणारा संगणक : पीसी-एटीच्या इतिहासातील एक धडा

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये फ्लॉपी ड्राइव्हची संख्या व स्मृतीचे प्रमाण मदरबोर्डवरील स्विचांद्वारे नोंदविले जाई. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये ही नोंद बॅटरीवर टिकणाऱ्या सीमॉस स्मृतीत गेली. जुळणी सुलभ झाली. परंतु काही वर्षांनी बॅटरी क्षीण होताच यंत्राला हार्ड डिस्कच्या प्रकाराचे विस्मरण होई. आरंभीच्या स्वयंचाचणीत पडद्यावर '१६१' हा दोषक्रमांक उमटे व हार्ड डिस्कवरून संगणक सुरू होत नसे. डिस्कवरील मजकूर मात्र शाबूत असे. बॅटरी बदलून डिस्कचा प्रकार-क्रमांक पुन्हा नोंदविल्यास तो परत मिळे. म्हणूनच असा जुना संगणक निकामी ठरविण्यापूर्वी बॅटरी तपासणे अगत्याचे ठरते. अन्यथा विस्मरणालाच मृत्यू समजून एखाद्याचे संशोधन यंत्रासह भंगारात जाण्याचा संभव असतो.