जमिनीला भिडणारा दात

महाड-पोलादपूरच्या डोंगरात रस्ता रुंद करणारा, दरड हटवणारा, नदीतला गाळ उपसणारा पोकलेन साधारण वीस टनांचा असतो. पण मातीशी त्याची खरी गाठ पडते ती बकेटच्या ओठावर बसवलेल्या पाच-सहा दातांपुरतीच. इंजिनाची सगळी ताकद आणि तेलाचा सगळा दाब शेवटी या टोकांवर येतो. म्हणून ती झिजतात, आणि झिजली की काढून टाकता यावीत अशीच ती घडवलेली असतात. यंत्राचा एक छोटा भाग जमिनीला द्यायचा, म्हणजे बाकीचे यंत्र वाचते. ही युक्ती पोकलेनच्या कितीतरी आधीची आहे. तिचे कूळ शोधायचे तर आधी नांगरापाशी जावे लागते.

आपला जुना नांगर लाकडाचा. मातीत घुसणारा फाळ तेवढा लोखंडाचा. फाळ म्हणजे एक लांब पट्टी. नांगराच्या टोकावर ती ठेवायची आणि वसू नावाच्या लोखंडी कडीने आवळायची. टोक झिजले की वसू सैल करून फाळ थोडा पुढे सरकवायचा. फारच बोथट झाला तर लोहाराकडे नेऊन पाजळून आणायचा, आणि पट्टीच संपली की नवी घालायची. नांगर तोच राहायचा. टोक वेगळे, अंग वेगळे आणि दोघांना धरून ठेवणारी तिसरी वस्तू, ही तीन भागांची रचना आजच्या बकेटच्या दाताला जशीच्या तशी लागू पडते. फाळाच्या जागी टूथ पॉइंट, नांगराच्या जागी ओठाला वेल्ड केलेला अडॅप्टर, आणि वसूच्या जागी पिन-लॉक.

दगडाच्या बाजूने हीच गोष्ट पाथरवटाने शिकवली. महाडच्या उंबऱ्यावर, गांधारी आणि सावित्रीच्या संगमाजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ती काळ्या बेसाल्टमध्ये टाकी-हातोड्याने खोदली गेली. या कातळात टाकीचे टोक फार वेळ टिकत नाही. म्हणून पाथरवटाच्या पिशवीत टाक्यांचा जुडगा असतो. बोथट झालेल्या टाक्या भट्टीत लाल करून ठोकायच्या, टोक काढायचे आणि त्यांना पाणी पाजायचे. पाणी जास्त झाले तर टोक कडक होऊन तुटते, कमी पडले तर वाकते. कडकपणा आणि चिवटपणा यांचा हा झगडा पोलादाच्या दाताच्या पुढच्या सगळ्या इतिहासात चालू राहिला.

इंग्लंडमध्ये इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ साली यावर एक देखणा तोडगा काढला. बिडाचा फाळ ओतताना त्याने साच्याची खालची बाजू अशी केली की तिथले लोखंड झटकन थंड होऊन कठीण व्हावे आणि वरच्या बाजूचे सावकाश थंड होऊन मऊ राहावे. शेतात वरचा मऊ थर आधी झिजे, खालची कठीण कड पुढे राही आणि फाळ वापरता वापरताच धारदार राही. १८०८ साली त्याने आणखी एक पाऊल टाकले आणि नांगराचे भाग सुटे, बदलता येण्याजोगे केले. शेतकऱ्याला आता लोहाराकडे धाव न घेता बांधावरच भाग बदलता येऊ लागला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला तो १९०३ साली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर होऊन नांगर खपायला दोन वर्षे लागली.

नांगर जमीन उकरतो, उचलत नाही. उकरणे आणि उचलणे एकाच यंत्रात आणले अमेरिकेतल्या विल्यम ओटिसने. त्याच्या वाफेवरच्या फावड्याला १८३९ साली पेटंट मिळाले आणि रेल्वेच्या भरावासाठी ते वापरात आले. तेव्हापासून बकेटच्या ओठावर दात आले. पण साध्या लोखंडाचे दात खडकात लवकर खलास होत आणि कडक पोलादाचे दात धक्क्याने तुटत.

हा पेच सोडवला शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने, १८८२ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी. पोलादात थोडे मँगनीज जास्त झाले की ते ठिसूळ होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. हॅडफिल्ड तिथे थांबला नाही. त्याने मँगनीज १२-१३ टक्क्यांपर्यंत वाढवले आणि ते पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवले. लोहाराच्या अनुभवाप्रमाणे ते कडक व्हायला हवे होते. ते उलट मऊ आणि कमालीचे चिवट झाले. आणि त्याच्यावर घाव बसू लागले की घाव बसलेला पृष्ठभाग तेवढा कठीण होत जाई. सुरुवातीला सुमारे २०० ब्रिनेल असणारा कठीणपणा सततच्या माराने पृष्ठभागावर ५००च्या घरात जातो, आणि आतला गाभा चिवटच राहतो. ज्याच्यावर मार बसतो तोच भाग कडक होतो, असा हा धातू. वाफेच्या फावड्यांचे दात, खडी क्रशरचे जबडे, रेल्वेचे सांधे यांना तो वरदान ठरला. पनामा कालव्याच्या कुलेब्रा खिंडीत वाफेची फावडी खडक आणि कोसळलेल्या दरडी उपसत होती. त्यांच्या दुरुस्तीसाठी एम्पायर गावी स्वतंत्र कारखाना चालवावा लागला.

पुढे दोरखंड आणि वाफ जाऊन तेलाचा दाब आला. फ्रान्समधल्या जॉर्ज बातायच्या पोक्लँ कंपनीने १९५१ साली हायड्रॉलिक यंत्र बाजारात आणले. भारतात लार्सन अँड टुब्रोने या जातीची यंत्रे बनवली आणि ‘पोक्लँ’ हे कंपनीचे नावच आपल्या बोलीत ‘पोकलेन’ होऊन यंत्राचे नाव झाले. हायड्रॉलिक यंत्राची बकेट मनगटासारखी वळते, त्यामुळे दाताला जमिनीत कोणत्या कोनातून घुसायचे हे ऑपरेटरच्या हाती आले. दात निवडण्याला खरा अर्थ आला तो तेव्हापासून.

आता आपल्या मुलखाकडे या. १९९३ साली कोकण रेल्वे रोह्याहून वीरपर्यंत आली. त्यानंतर महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाले, पोलादपूर आणि खेडच्या मधला कशेडी बोगदा खोदला गेला आणि २०२३च्या गणपतीत त्यातून हलकी वाहने सुटली. या सगळ्या कामांत एकाच तालुक्यात किती प्रकारची जमीन दाताखाली येते ते पाहण्यासारखे आहे. डोंगराच्या पोटात अखंड काळा कातळ. त्याच्या वर मुरूम, आणि मुरमात दडलेले गोल धोंडे, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले पण गाभ्यात पक्के. कातळाच्या पोकळ्यांत गारगोटी, जी खुद्द बेसाल्टहून कठीण असते. आणि खाली सावित्रीच्या पात्रात वाळूमिश्रित गाळ.

या प्रत्येकाला एकच दात चालत नाही. फुटलेल्या कातळाला निमुळता, जाड पाठीचा रॉक दात हवा. फटीत घुसून तो दगड उचकटतो. घट्ट मुरमाला एका टोकाचा टायगर दात उपयोगी पडतो, पण त्यात धातू कमी म्हणून तो लवकर संपतो. गाळाला आणि मोकळ्या मातीला रुंद दात बरा, कारण तिथे घुसणे सोपे असते आणि तळ सपाट निघणे महत्त्वाचे. धातूची निवडही अशीच. मँगनीज पोलाद कडक होते ते घावाने. सावित्रीच्या वाळूत घाव नसतो, नुसती घासण असते. तिथे ते मऊच राहते आणि भराभर झिजते. म्हणून आज बाजारात मिळणारे बहुतेक दात क्रोम-मॉलिब्डेनमसारख्या मिश्र पोलादाचे, उष्णता देऊन आरपार ५००च्या आसपास ब्रिनेल केलेले असतात. आणि अखंड कातळाला तर कुठलाच दात नाही. तिथे आधी ब्रेकर लावायचा किंवा सुरुंग, मगच बकेट. दाताने कातळ फोडायला जाणारा मालक महिन्याभरात अडॅप्टरही गमावतो.

झिजलेला दात हातात घेऊन पाहावा. खालची बाजू घासून आरशासारखी झालेली, वरची तुलनेने खडबडीत, टोक आखूड आणि गोलसर. कडेचे दोन दात मधल्यांपेक्षा नेहमी जास्त झिजलेले, कारण बकेटच्या कोपऱ्यांना बाजूची मातीही कापावी लागते. म्हणून जाणता हेल्पर कडेचे आणि मधले दात आलटून-पालटून लावतो, आणि दोन्ही बाजूंनी सारखा असलेला दात वेळेत उलटा करतो. निम्म्याच्या आसपास लांबी गेली की दात बदलायचा. त्यापुढे ताणले तर टोकाला भोक पडते आणि आतले अडॅप्टरचे नाक उघडे पडते. दात दहा-पंधरा मिनिटांत बदलता येतो; अडॅप्टर बदलायचा तर गॅसने कापा, ओठ दीडशे-दोनशे अंश तापवा, कोरड्या लो-हायड्रोजन रॉडने वेल्ड करा आणि सावकाश थंड होऊ द्या. घाई केली तर वेल्डच्या कडेने तडा जातो.

बदलण्याची रीत साधी आहे, पण तिच्यात चुकारपणा चालत नाही. बकेट जमिनीवर टेकवायची, इंजिन बंद करायचे. पिन ठोकून काढायची. नाकावर बसलेली माती लोखंडी ब्रशने पूर्ण साफ करायची, नाहीतर नवा दात शेवटपर्यंत बसत नाही आणि हलत राहतो. हलणारा दात नाकाला आतून खातो. नव्या दाताबरोबर पिन आणि लॉक नवेच घालायचे. जुनी पिन वाचवून पडलेला दात शोधत बसण्यात शहाणपण नाही. आणि पिन ठोकताना डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण कडक पोलादावर कडक पोलाद आदळले की कपची बंदुकीच्या गोळीसारखी उडते. सुटलेला दात खाणीतल्या दगडाबरोबर क्रशरमध्ये गेला तर जबडा मोडतो. तो मँगनीजचा असेल तर पट्ट्यावरचे चुंबकही त्याला ओढत नाही.

हा सगळा हिशेब तासावर भाड्याने यंत्र चालवणाऱ्यांना पैशांत कळतो. बोथट दाताने तेवढ्याच खोदाईला जास्त डिझेल जाते, बूमला आणि पिना-बुशांना हिसके बसतात. पण इथे हिशेब पैशांच्या पुढे जातो. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीयेवर दरड कोसळली आणि ८०हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीतही डोंगर खाली आला. रस्ते पाण्याखाली आणि दरडींखाली होते, मदत पोहोचायला वेळ लागला. आंबेनळी घाट कित्येक ठिकाणी खचला. अशा दिवशी पहिले काम असते ते रस्ता मोकळा करणे, आणि ते करतो गावातल्या कुणाच्या तरी दारात उभा असलेला जेसीबी किंवा पोकलेन. जिथे माणसे गाडली गेली असण्याची शक्यता असते तिथे बकेट अलगद चालवावी लागते. चांगला दात कमी दाबात घुसतो आणि ऑपरेटरचा हात स्थिर राहतो. बोथट दाताला रेटावे लागते, आणि रेटले की यंत्र हिसका मारते.

पावसाळ्याआधी तालुक्यात यंत्रांची यादी होते, घाटात जेसीबी उभे केले जातात. त्या यादीत यंत्राच्या नंबराशेजारी एक रकाना वाढवावा: दात किती शिल्लक आहेत, आणि केबिनमध्ये दातांचा एक सुटा संच, पिना आणि लॉक आहेत की नाहीत. शेतकरी मिरगाच्या आधी फाळ पाजळून घेत असे, कारण पाऊस सुरू झाल्यावर लोहाराकडे जायला सवड नसते. दरडीच्या दिवशी दुकान उघडे असेल, रस्ता चालू असेल याची खात्री तेवढीही नाही. मे महिन्याच्या अखेरीस बदललेले पाच दात हा यंत्राच्या किमतीपुढे अगदी किरकोळ खर्च आहे, आणि या दोन तालुक्यांत तो करायलाच हवा.