अमेरिकन हिस्टरी एक्स

वंशद्वेष एका कुटुंबात कसा शिरतो आणि त्यातून बाहेर पडण्याची किंमत काय असते, हे दाखवणारा अमेरिकन चित्रपट. निर्मिती न्यू लाइन सिनेमा. प्रदर्शन ऑक्टोबर १९९८. लांबी ११९ मिनिटे. पटकथा डेव्हिड मॅकेना, दिग्दर्शन व छायालेखन टोनी के. प्रमुख भूमिका : एडवर्ड नॉर्टन (डेरेक विनयार्ड), एडवर्ड फर्लाँग (धाकटा भाऊ डॅनी), बेव्हर्ली डी’अँजेलो (आई डोरिस), एव्हरी ब्रुक्स (मुख्याध्यापक स्वीनी), गाय टॉरी (लमॉन्ट), स्टेसी कीच (गौरवर्चस्ववाद्यांचा म्होरक्या कॅमेरॉन).

कथानक : लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीच भागात राहणारा डेरेक हा स्किनहेड टोळीचा पुढारी. गाडी चोरायला आलेल्या कृष्णवर्णीय तरुणांपैकी दोघांचा तो जीव घेतो. सदोष मनुष्यवधाबद्दल चिनोच्या तुरुंगात तीन वर्षे काढून तो बदलून घरी परततो. इकडे डॅनीने ‘माइन काम्फ’वर गौरवपर निबंध लिहिलेला असतो. कृष्णवर्णीय मुख्याध्यापक त्याला शाळेतून काढत नाहीत. स्वतः शिकवायला घेतात आणि भावाविषयी नवा निबंध लिहायला लावतात. डॅनी तो रात्रीतून पूर्ण करतो. सकाळी शाळेच्या स्वच्छतागृहात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला गोळी घालतो.

रचना व संकलन : वर्तमान रंगीत आणि भूतकाळ कृष्णधवल, अशी मांडणी आहे. संकलन जेरी ग्रीनबर्ग व ॲलन हाइम यांचे. पूर्वदृश्यांचा क्रम हेच या चित्रपटाचे खरे बळ. वडील अग्निशामक दलात होते, आग विझवताना त्यांना कृष्णवर्णीयांच्या वस्तीत गोळी लागली, ही माहिती बरीच आधी मिळते. त्यामुळे डेरेकचा द्वेष त्या दुःखातून उपजला, असे प्रेक्षक धरून चालतो. पुढे, चित्रपट संपत आला असताना, जेवणाच्या टेबलाचा छोटा प्रसंग येतो. हुशार विद्यार्थी डेरेक स्वीनी सरांच्या वर्गाबद्दल उत्साहाने बोलतो, आणि वडील खातेखाते शांतपणे, मायेने त्याच्या मनात पहिला विखार पेरतात. आधीचा सगळा हिंसाचार या एका प्रसंगाने नव्याने समजतो. तो सुरुवातीला ठेवला असता, तर त्याचे केवळ स्पष्टीकरण झाले असते.

तुरुंगातील भागही असाच न बोलता सांगणारा आहे. धुलाईखान्यात डेरेकसोबत कपड्यांच्या घड्या घालणारा कृष्णवर्णीय कैदी लमॉन्ट टीव्ही चोरताना पकडला गेलेला असतो. झटापटीत टीव्ही पोलिसाच्या पायावर पडला. तो मुद्दाम फेकला, असे पोलिसाने सांगितले आणि त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली. डेरेक दोन जीव घेऊन तीन वर्षांत सुटतो. या दोन आकड्यांवर भाषण होत नाही, आणि तेच योग्य आहे. हाच लमॉन्ट इतर कृष्णवर्णीय कैद्यांपासून त्याला वाचवतो. बलात्कार मात्र त्याच्यावर त्याच्याच गोऱ्या टोळीतले लोक करतात.

आवृत्तीचा वाद : जाहिरातपटांतून आलेल्या ब्रिटिश दिग्दर्शक के यांचा हा पहिलाच कथापट. त्यांनी सुमारे ९५ मिनिटांची आवृत्ती दिली होती. स्टुडिओने बदल सुचवले आणि पुढे नॉर्टन संकलनात सहभागी झाले. अंतिम आवृत्तीत नॉर्टन यांचा वाटा नेमका किती, याविषयी एकवाक्यता नाही. के यांनी चित्रपट-व्यवसायाच्या नियतकालिकांत निषेधाच्या जाहिराती दिल्या आणि स्टुडिओच्या बैठकीला एक रब्बाय, एक ख्रिस्ती धर्मगुरू व एक बौद्ध भिक्षू यांना सोबत नेले. आपले नाव काढून ‘हम्प्टी डम्प्टी’ असे लावण्याची त्यांची मागणी फेटाळली गेली. त्यांनी न्यायालयातही धाव घेतली. त्या काळात आपला अहंकार आड आला, हे त्यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. त्यांचे छायालेखन, विशेषतः कृष्णधवल भागातील चेहऱ्यांची समीपदृश्ये, या वादात झाकोळून गेले, ही खेदाची गोष्ट आहे.

संगीत : ॲन डडली.

मूल्यमापन : उत्कृष्ट अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नॉर्टन यांना नामांकन मिळाले, पुरस्कार रोबेर्तो बेनिन्यी यांना गेला. डेरेकचे परिवर्तन घाईत उरकले आहे आणि त्याची द्वेषपूर्ण भाषणे त्यांना मिळणाऱ्या उत्तरांपेक्षा प्रभावी ठरतात, असे आक्षेप घेतले गेले. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. त्या भाषणांना उत्तर ठरू शकली असती अशी माणसे म्हणजे स्वीनी व लमॉन्ट, पण त्यांचे स्वतःचे घरदार, नातीगोती चित्रपटात कुठेच येत नाहीत. डेरेकला सावरण्यापुरतेच ते पडद्यावर दिसतात.