बाउहाउसचे माग

वास्तुरचनाकार वाल्टर ग्रोपियुस यांनी १९१९ मध्ये जर्मनीतील वायमार येथे स्थापन केलेली बाउहाउस ही कला व हस्तव्यवसाय एकत्र शिकवणारी संस्था आज मुख्यतः पोलादी नळ्यांच्या खुर्च्या आणि काचेच्या भिंती यांसाठी ओळखली जाते. तथापि, कलावंताने कारखान्यासाठी नमुने घडवावेत हे तिचे ध्येय विणकाम कार्यशाळेइतके क्वचितच दुसरीकडे साध्य झाले असेल.

या कार्यशाळेचा उगम मात्र अन्यायात होता. स्त्री-पुरुष भेद पाळणार नाही, असे संस्थेने आरंभी जाहीर केले असले, तरी विद्यार्थिनींची संख्या अपेक्षेबाहेर वाढताच १९२० पासून त्यांना बहुधा विणकामाकडेच वळवले जाऊ लागले. १९२२ मध्ये विद्यार्थिनी म्हणून आलेल्या ॲनी आल्बर्स यांनीही हा विषय आवडीने निवडला नव्हता.

वायमारच्या काळात कापड म्हणजे धाग्यांनी काढलेले चित्र, अशीच दृष्टी होती. तांत्रिक शिक्षण तुटपुंजे असल्यामुळे कार्यशाळेतील विद्यार्थिनी गुंटा श्टोल्ट्सल यांनी रंगाईचे आणि विणीचे तंत्र शिकण्यासाठी क्रेफेल्ड हे वस्त्रोद्योगाचे शहर गाठले. १९२५ मध्ये संस्था डेसाउला हलली, १९२७ मध्ये कार्यशाळेची सूत्रे श्टोल्ट्सल यांच्याकडे आली, आणि विणकामाचा अर्थच पालटला. मागावर ताणलेले उभे धागे म्हणजे ताणा आणि धोट्याने त्यांतून ओवलेले आडवे धागे म्हणजे बाणा. या दोहोंच्या गुंफणीवर कापडाचा पोत व ताकद अवलंबून असल्याने, ते कोठे वापरायचे हे आधी ठरवून त्यानुसार सूत आणि वीण निवडली जाऊ लागली. तरीही हातमाग बाजूला पडला नाही, कारण यंत्रमागावर जाणारा नमुना आधी हातमागावर, धागा बोटांनी चाचपत, सिद्ध करता येत असे.

बेर्नाउ येथील कामगार संघटनेच्या प्रशिक्षण विद्यालयातील सभागृहासाठी आल्बर्स यांनी पदविकेकरिता विणलेले भिंतीचे आच्छादन या नव्या दृष्टीचा उत्तम दाखला आहे: त्याच्या दर्शनी बाजूस प्रकाश परावर्तित करणारा सेलोफेन आणि मागील बाजूस आवाज शोषून घेणारे लवदार शेनील सूत होते. या कापडावर चित्र नव्हते. त्याचे सौंदर्य त्याच्या कार्यातच होते, आणि आधुनिकतावादाची याहून नेमकी व्याख्या कोणत्याही जाहीरनाम्यात सापडणे कठीण आहे.

नाझी राजवटीत १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडली. त्याच वर्षी आल्बर्स अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजात गेल्या. प्राचीन पेरूच्या विणकरांना गुरू मानणाऱ्या या कलावतीचे विणकाम १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडले गेले आणि कापड पुन्हा कलाकृती म्हणून पाहिले जाऊ लागले, पण आता चित्राची नक्कल म्हणून नव्हे, तर धाग्याच्या स्वतःच्या रचनेसाठी. श्टोल्ट्सल यांनी १९३१ मध्येच संस्था सोडून झ्युरिकमध्ये हातमागाची कार्यशाळा उभी केली होती. त्यांच्यानंतर काही काळ विणकाम विभाग सांभाळणाऱ्या ओटी बेर्गर यांनी आपल्या कापडाच्या विणीवर पेटंट मिळवले होते, म्हणजे विणकरही शोधकर्ता असतो हे कायद्याकडून मान्य करून घेतले होते. ज्यू असल्यामुळे त्यांना जर्मनीत व्यवसाय करण्यास मनाई झाली आणि १९४४ मध्ये आउशविट्सच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली. आधुनिक रचनेच्या इतिहासात त्यांचे नाव ग्रोपियुस यांच्या पंक्तीतच घेतले गेले पाहिजे.