जादू कुठं गेला?

अमरावतीत कुणी पत्ता विचारला, तर आपण टॉकीजचीच नावं घेतो. राजकमल चौक, श्याम चौक, प्रभात चौक, चित्रा चौक. सिनेमाच्या धंद्यातही आपल्या मुलखाचं नाव जुनंच आहे. वऱ्हाड 1956 साली मध्य प्रदेशाची सोबत सोडून मुंबई राज्यात आलं; पण चित्रपट वितरकांच्या हिशेबात आपण अजून ‘सी. पी. बेरार’च आहोत! अशा गावात सिनेमावरून वाद होणं नवं नाही. मला आज आठवतो तो वाद मात्र थोडा वेगळा होता. तो मुलांनी सुरू केला आणि मोठ्यांपर्यंत पोचला.

‘कोई... मिल गया’ हा चित्रपट 8 ऑगस्ट 2003 रोजी प्रदर्शित झाला. परग्रहावरचा पाहुणा हिंदी पडद्यावर इतक्या जिव्हाळ्यानं त्याआधी आला नव्हता. त्या काळी रिळांच्या पेट्या फिरत. आधी मोठं शहर, मग तालुका. त्यामुळे दर्यापूर-अचलपूरकडच्या पोरांना सिनेमाआधी त्याची कीर्तीच ऐकायला मिळे. जादू निळा आहे, त्याला ऊन लागतं, ढग आले की तो गळून जातो, हे सगळं न पाहताच पाठ! मी तेव्हा अमरावतीत एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. सूर्यप्रकाश आणि ऊर्जा हा धडा त्या वर्षी मला फारसा शिकवावा लागला नाही.

पण त्या चित्रपटाचा जीव जादूत नव्हता. तो रोहितमध्ये होता. वयानं वाढलेला, बुद्धीनं लहान राहिलेला, सातवीत चिमुकल्यांसोबत बसणारा रोहित. हृतिक रोशननं तो मनापासून उभा केला. आपल्याकडे अशा मुलाला सरळ ‘येडा’ म्हणून मोकळे होतात. त्या मुलाला नायक करून तीन तास लोकांना त्याच्या बाजूनं बसवलं, हे या चित्रपटाचं खरं काम. सामाजिक विषयावरच्या चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, तो मला योग्य वाटला.

पुढचा भाग ‘क्रिश’ 23 जून 2006 रोजी आला. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मुलं तो पाहूनच वर्गात आली आणि पहिल्याच आठवड्यात वर्गाचे दोन तट पडले. एका तटाच्या मते असा पिक्चर झालाच नाही. रोहितचा मुलगा कृष्णा घोड्यापेक्षा जोरात पळतो, कड्यावरून उड्या मारतो, मुखवटा लावून सिंगापुरात लोकांना वाचवतो. त्या उड्यांसाठी हाँगकाँगचे चिंग सिउ-तुंग बोलावले होते आणि ते काम खरंच देखणं झालं. दुसऱ्या तटाचा प्रश्न एकच होता, “सर, जादू काऊन नाही आला?” एका मुलीनं तर निकालच दिला, “जादू नाही त मंग हा पिक्चर कायचा?”

शिक्षकांच्या खोलीत तिसराच तट होता. जयंत नारळीकरांच्या कथा वाचून वाढलेली ही मंडळी. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी टोपणनावानं ‘कृष्णविवर’ पाठवली आणि बक्षीस मिळवलं, तेव्हापासून मराठी वाचकाला विज्ञानकथेची एक कसोटी मिळाली होती. कथेतून विज्ञान काढलं तर कथा कोसळली पाहिजे. या कसोटीवर आमच्या गुरुजनांनी दोन्ही चित्रपट नापास केले. मला ते फार कडक वाटलं.

माझ्या मते मुलांच्या भांडणाचं मूळ जादूमध्ये नव्हतंच. पहिल्या चित्रपटात दुबळ्याला बळ मिळालं होतं. दुसऱ्यात बळ घेऊनच पोरगा जन्माला आला. सामर्थ्य भेटीतून आलं काय आणि वारशानं आलं काय, पडद्यावर उडी तेवढीच लांब दिसते; पण पाहणाऱ्याला फरक पडतो. वर्गात मागे पडणारी मुलं बहुतेक जादूच्या तटात होती, हे मी तेव्हाच टिपलं होतं. त्यांचा माणूस रोहित होता, आणि तो ‘क्रिश’मध्ये बराच वेळ कैदेत!

त्याला कैदेत का ठेवलं होतं? तर भविष्य दाखवणारं यंत्र बनवायला. चित्रपट लागला त्याच्या पुढच्याच आठवड्यात पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे अमरावती-अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, ते याच दौऱ्यात. पेरणीचे दिवस होते. मुलाला चित्रपट दाखवून आलेले एक कास्तकार पालक मला म्हणाले, “भविष्य दिसते न त्या मशीनीत? मंग पाणी कधी येते ते पाहून सांगा म्हणा.” एवढं नेमकं परीक्षण मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचलं नाही.

पुढचा भाग आला की रसिक दुभंगणार, हे विदर्भाला तरी नवं नसावं. आठव्या शतकातला भवभूती आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा. आधी ‘महावीरचरित’, मग ‘उत्तररामचरित’ अशी रामकथा त्यानं दोन नाटकांत मांडली. दुसऱ्याच्या पहिल्या अंकात राम-सीता आपल्याच गतायुष्याची चित्रं पाहतात. म्हणजे मागील भागात काय झालं, ते आलंच! शेवटी तर त्यानं वाल्मीकींपेक्षा निराळं करून राम-सीतेची भेट घडवली. त्याला नावं ठेवणारेही होते. ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत त्यानं त्यांना चांगलंच सुनावलंय.

हिंदी चित्रपटाला मात्र ही सवय नवी होती. ‘नगीना’नंतर 1989 मध्ये ‘निगाहें’ आला, अशी उदाहरणं थोडी. 2006 साल आलं आणि ‘क्रिश’, ‘लगे रहो मुन्नाभाई’, ‘धूम 2’ असे लागोपाठ पुढचे भाग चालले.

मग 2013 च्या दिवाळीत ‘क्रिश 3’ आला. ‘क्रिश 2’ कधी येऊन गेला, हे अनेकांनी मला गंभीरपणे विचारलं! तोवर रिळांच्या पेट्या गेल्या होत्या, उपग्रहावरून चित्रपट थेट टॉकीजमध्ये उतरत होता. शहराचं मत आधी आणि तालुक्याचं नंतर, हा क्रम मोडला. सगळे एकाच शुक्रवारी भांडले. परदेशी चित्रपटांची नक्कल म्हणून काहींनी नाकं मुरडली, गर्दी मात्र झाली. मला त्यातलं एकच आवडलं. रोहित म्हातारा झालाय आणि सूर्याची ऊर्जा वापरून मुलाला जिवंत करताना स्वतः जातो. ऊन परत आलं, पण त्यासाठी रोहितला मरावं लागलं. जादूच्या तटातल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना हे मुळीच पटलं नाही.

‘कोई... मिल गया’ 2023 मध्ये, वीस वर्षांनिमित्त, काही शहरांत पुन्हा लागला. 2025 मध्ये चौथ्या भागाची घोषणा झाली, दिग्दर्शक स्वतः हृतिक रोशन. ती बातमी आली त्या दिवशी ‘पिक्चर कायचा’ म्हणणाऱ्या त्या मुलीचा फोन आला. आता ती अकोल्याला असते, तिचा मुलगा सातवीत आहे. तिनं फक्त एवढंच विचारलं, “सर, यात तरी रोहित असंन का?”