नळीच्या आतला फ्लक्स

आता आपण विमानातल्या ॲल्युमिनियमच्या इंधननळीकडे येऊ. भिंत जेमतेम मिलिमीटरभर. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्यावरची ऑक्साइडची साय २००० अंशांच्याही पुढे. म्हणजे साय फुटेपर्यंत नळीला भोक! म्हणून गॅस वेल्डिंगवाले फ्लक्स लावत. फ्लक्स साय खातो. धुतला नाही, तर मागाहून नळीही खातो. बाहेरून धुता येतो हो, पण वाकड्या नळीत आतून धुतला गेला की नाही, हे पाहणार कोण?

१९४१ च्या सुमारास नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनचा इलेक्ट्रोड आणि हेलियमचं आवरण वापरलं, तेही मुख्यतः मॅग्नेशियमसाठी. ॲल्युमिनियमला हे खरं मानवलं ते एसी करंट आल्यावर. अर्ध्या आवर्तनात साय उडते, उरलेल्या अर्ध्यात जोड वितळतो. धुण्यासारखं काही उरतच नाही.