खेळातली बंदूक : लंडनमधल्या एका वादाची गोष्ट

मंडळी, दिवाळी जवळ आली की बाजारात टिकल्यांची पिस्तुले दिसू लागतात आणि घरोघर वाद उभा राहतो. पोराला बंदूक हवी असते. आई म्हणते, नको, वाईट वळण लागेल. आजोबा म्हणतात, घेऊ द्या हो, आम्ही काय लाकडाच्या तलवारी खेळलो नाही? गुरुजींना विचारावे, तर तेही पेचात पडतात. पण हा पेच आजचा नव्हे. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी लंडनमध्ये तो मोठमोठ्या माणसांना पडला होता. पुढे काय झाले, ते ऐकण्याजोगे आहे.

१८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे शिपाई आतून पोकळ ओतायला सुरुवात केली. शिसे कमी लागू लागले, किंमत उतरली, आणि इंग्रज घरांत शिपायांच्या पलटणी उभ्या राहिल्या. याच कारखान्याची एक छोटी तोफ होती. स्प्रिंगच्या जोराने तिच्यातून लाकडाची गोळी सुटे आणि समोरचा शिपाई आडवा होई. एच. जी. वेल्स हे नामांकित कादंबरीकार तिच्या नादी लागले. मुलांचे बाप ते, पण जमिनीवर ओणवे होऊन मित्रांशी लढाया खेळत! १९१३ साली त्यांनी या खेळाचे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात छापले. त्यांचे म्हणणे असे की, खेळातली लढाई केली म्हणजे खरी लढाई किती अडाणीपणाची असेल हे कळते. तेव्हा युद्धखोर राजांना हीच खेळणी देऊन एखाद्या मोठ्या दालनात बसवावे.

सगळ्यांना काही हे पटणारे नव्हते. १९१४ च्या मार्चमध्ये लंडनच्या वृत्तपत्रात बातमी आली की, नॅशनल पीस कौन्सिल ही संस्था शांततेची खेळणी मांडणार आहे. शिपायांऐवजी साधे नागरिक, तोफांऐवजी नांगर आणि कारागिरांची अवजारे. हेतू किती चांगला, पाहा! पण ‘साकी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एच. एच. मन्रो यांनी त्या बातमीवर एक मिस्कील कथा लिहिली. तिच्यात मामा आपल्या भाच्यांना अशी खेळणी आणून देतो. थोड्या वेळाने डोकावतो, तो काय? नगरपालिकेच्या कचरापेटीला भोके पाडून तोफांचा बुरूज केलेला, आणि एका विचारवंताची बाहुली लाल शाईत बुडवून सेनापती बनवलेली!

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस पहिले महायुद्ध पेटले. वेल्स यांनी लिहिले की, हे युद्ध युद्धांचाच शेवट करील. तसे झाले नाही. मन्रो वय उलटले असताना फौजेत शिरले आणि नोव्हेंबर १९१६ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर गोळी लागून मेले.

त्या युद्धात आपलीही माणसे कामी आली. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या एका गावचे ४६ जवान परतले नाहीत. खेळातली बंदूक हाती धरली म्हणून ते फौजेत गेले, असे कोणी म्हणेल काय? फौजेतला पगार आणि घराण्याची रीत, यांचे बळ मोठे असते. आणि युद्ध पेटले ते साम्राज्यांच्या चढाओढीतून. मुलांच्या शिपायांनी ते पेटवले नाही, आणि खेळातल्या नांगरांनी ते थांबलेही नसते.

मग काय, मुलांना मोकळे सोडावे? तसेही नाही. १९७९ साली स्वीडनमध्ये सरकार आणि खेळण्यांचे व्यापारी यांनी युद्धाची खेळणी न विकण्याचा समझोता केला. ठीकच आहे, पण दुकानातली बंदूक गेली तरी बोटांची बंदूक राहतेच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंड शहरात बारा वर्षांचा एक मुलगा बागेत छऱ्यांचे पिस्तूल घेऊन खेळत होता. ते नकली आहे हे दाखवणारी नारिंगी खूण त्यावर नव्हती. पोलीस आले आणि क्षणात गोळी सुटली. मुलगा दगावला. म्हणून हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी बंदूक पोराच्या हाती देऊच नये. साधे खेळणे दिले, तर कोणाच्या तोंडावर रोखायचे नाही आणि टिकली डोळ्यांजवळ उडवायची नाही, हे पहिल्याच दिवशी बजावावे.

आणि शिक्षकहो, एक काम तुमचे. दिवाळीत मुले मातीचे किल्ले करतात, मावळे मांडतात, तोफा ठेवतात. त्या वेळी त्यांना शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीला गेलेले पत्र सांगा. रयतेला उपद्रव देऊ नका, दाणा-गवत पुरवून वापरा, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळतील, इतकी बारीक काळजी त्या पत्रात आहे. तोफेशेजारी गवताची एक गंजी मांडायला सांगा, आणि ती कोणाची, हे मुलांनाच विचारा. शस्त्र कशासाठी असते आणि त्याला लगाम कोणाचा, हे पोराला खेळता खेळता कळले पाहिजे. ते शिकवणारा वडीलधारा शेजारी बसलेला हवा.